औटकीवर चोरीचा आळ

माझ्यावर चोरीचा आळ आला तो मंगळवारी सकाळी, पोह्यांवर शेव घालताना. इंदूरमध्ये माणूस पोह्यांच्या प्लेटीशी असताना त्याला अशुभ काही सांगू नये, एवढी साधी रीत परदेशातल्या यंत्रांना माहीत नसते.

वरच्या खोलीतला आमचा भाडेकरू अनीश मोबाइल हातात धरून जिना उतरला. मुलगा कोल्हापूरचा, इथे एका कंपनीत नोकरीला. चेहरा असा, की मला वाटलं नोकरी गेली.

"मावशी, गाणं परत आलं."

"परत म्हणजे? पत्ता चुकला का?"

"नाही. ते म्हणतात, ह्यात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आहे. आपण चोरलंय."

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. शेजारच्याच्या वहीत डोकावणाऱ्या मुलाला मी पाठमोरी असतानाही ओळखत असे. आणि आता सत्तराव्या वर्षी मला कोणी सांगावं, की लीला दिघे, तुम्ही कॉपी केली? तीही पाढ्याची?

पाढ्याचं काय ते सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलनीतली अकरा मुलं सकाळी साडेसातला मंडळाच्या हॉलमध्ये माझ्याकडे येतात. फी नाही, परीक्षा नाही. मी त्यांना जुनी पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे शिकवते. हल्ली ती कुणाला लागत नाही, हे मला ठाऊक आहे. हल्ली आजीसुद्धा कुणाला लागत नाही, म्हणून काय आज्या बंद करायच्या? यंदा आम्ही औटकीवर होतो. औट म्हणजे साडेतीन. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. मुलांना तिची फार मजा वाटते, कारण एकाआड एक ओळीला अर्धा लोंबकळतो.

हे ऐकून एका रविवारी अनीश हॉलच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, हा रेगे आहे."

मी म्हटलं, "ही औटकी आहे."

त्याने मुलांना बसवून समजावलं आणि मलाही समजलं. आपण जिथे टाळी वाजवतो तिथे रेगेवाले गप्प बसतात, आणि आपण जिथे श्वास घेतो तिथे ते वाजवतात. बाकी सगळं निवांत. घाई म्हणून कसलीच नाही. मला हे संगीत ताबडतोब आवडलं. माझं शिकवणंही तसंच आहे, फक्त आजवर त्याला नाव नव्हतं.

अनीशची स्वतःची एक गाण्यांची कंपनी आहे. कंपनी म्हणजे अनीश, एक गिटार, एक लॅपटॉप आणि 'आडवा ठेका' असं नाव. तिने तोवर सहा रेगे गाणी काढली होती. ती बहुतेक त्याच्या नातेवाइकांनीच ऐकली होती, तीही तो कोल्हापूरला गेला की समोर बसवून. आता मुलांकडून रेगेवर म्हणवून घेतलेलं औटकीचं आपलं गाणं जगभर जायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी एक वितरक असतो. घरोघर पेपर टाकणाऱ्याला आपण एकदा गठ्ठा दिला की तो गल्लीगल्लीत पोचवतो ना, तसाच. एकदा गाणं त्याला दिलं की तो जगातल्या सगळ्या गाण्यांच्या ॲपवर टाकतो. मात्र त्याचा फॉर्म भरावा लागतो.

फॉर्मवरच आमचे दोन आठवडे गेले. 'मुख्य कलाकार' या रकान्यात मला अकराही मुलांची नावं हवी होती, वर्णमालेच्या क्रमाने. आमचे हे, म्हणजे रामभाऊ, म्हणाले आधी वडीलधारे घ्या. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, गाणं मंडळाच्या हॉलमध्ये झालंय, मंडळाचं नाव आलंच पाहिजे, आणि अध्यक्षांचं नाही आलं तर लोक विचारतील. मग कार्यकारिणीला वाईट वाटायला नको म्हणून कार्यकारिणी आली. शेवटी रकान्यात 'सौ. लीला रामभाऊ दिघे व बालगोपाळ, मा. नानासाहेब यांच्या शुभाशीर्वादाने, समस्त कार्यकारिणी' इतकं बसलं. अनीश म्हणाला, "मावशी, आता खाली 'अगत्य येण्याचे करावे' एवढंच राहिलं." वितरकाने ते चार मिनिटांत परत पाठवलं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

चोरीचं परत आलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. पत्रात आणखी एक ओळ होती. असा प्रकार पुन्हा घडला, तर 'आडवा ठेका'चं खातं बंद होईल आणि आधीची सहा गाणीही काढली जातील. अनीशने ती ओळ मला वाचून दाखवली नाही. मी त्याच्या खांद्यावरून वाचली. पाठमोरी राहूनही ओळखणारी माणसं समोरचंही वाचतात.

बातमी दुपारपर्यंत कॉलनीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. पलीकडच्या शोभनाताई म्हणाल्या, "मी तर आधीच म्हणत होते, भजन करा. देव कधी क्लेम करत नाही." गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या यमुनाबाईंनी तिथूनच विचारलं, "लेकिन टीचरजी, पहाडा किसका होता है? पाढा कोणीतरी बनवला तर असेलच ना पहिल्यांदा?" हा प्रश्न चांगला होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

नानासाहेबांनी बैठक बोलावली. "लीलाताई, आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. ही सुरुवात झाली की समजावं, आदर संपला. "पण मंडळाच्या नावावर चोरीचा डाग नको. क्लीन चिट मिळेपर्यंत वर्ग बंद ठेवू. हॉलची चावी तेवढी देऊन टाका."

चावी मी दिली. "वर्ग मात्र बंद होणार नाही," मी म्हटलं. "हॉल नसेल तर माझ्या गेटवर भरेल."

"गेटवर? ऊन किती असतं!"

"ऊन मंडळाच्या मालकीचं नाही ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी गेटवर आठच मुलं आली. मी कारण विचारलं नाही. नऊ वर्षांच्या यशवर्धनची आई, प्रियंका, स्वतः सांगायला आली. बिचारी खाली बघत होती. "टीचरजी, कुछ दिन रहने देते हैं. लोग बातें करते हैं ना." तिच्या मागून यशवर्धनने डोकं काढलं आणि सरळ विचारलं, "टीचर, आपण खरंच चोरलं का?"

नानासाहेबांचं मला काही वाटलं नव्हतं. परदेशी यंत्राचंही फारसं नाही. पण ज्या मुलाला मी 'चुकलं तरी चालेल, बघून लिहायचं नाही' हे शिकवलं, त्याने हे विचारलं आणि मला 'नाही' एवढंच म्हणता आलं. पुरावा काय? त्याच क्षणी ठरवलं, हे गाणं जगात जाणार, आणि स्वच्छ नावानं जाणार.

मी अपील लिहिलं. गणिताची बाई आहे, नुसतं उत्तर लिहून गप्प कशी बसेन? सगळ्या पायऱ्या दाखवल्या. साडेतीन एके साडेतीन कसे, साडेतीन दुणे सात कसे, म्हणजे हे कोणीही स्वतः काढू शकतो, चोरण्याची गरजच नाही. दोन पानं झाली. अनीशने इंग्रजी केलं आणि पाठवलं. एका मिनिटात उत्तर आलं, तेच, शब्दही तेच. दोन पानं एका मिनिटात तपासणारा परीक्षक मी फक्त बोर्डाच्या परीक्षेत पाहिला होता.

मी दुसरं अपील लिहिलं. तिसऱ्याला अनीशने हात जोडले. "मावशी, ते यंत्र आहे. त्याला पायऱ्या कळत नाहीत."

"मग पायऱ्यांचे मार्क कोण देतं?"

"कोणीच नाही."

"म्हणूनच जगाची ही अवस्था आहे," मी म्हटलं.

उलगडा झाला तो गुरुवारी दुपारी चार वाजता, आणि तो रामभाऊंनी केला. निवृत्तीनंतर त्यांनी केलेलं हे एकमेव संशोधन. मी आणि अनीश दिवाणखान्यात गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होतो, चोरीचं काय ते सापडतंय का बघत. रामभाऊ आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. 'सहा औट एकवीस' आलं आणि ते उठले. स्वयंपाकघरात गेले. हिरवी बादली एका हातात, निळी दुसऱ्या हातात घेऊन दाराकडे निघाले.

"अहो, कुठे?"

"गाडी आली ना कचऱ्याची."

"आत्ता? चार वाजता?"

ते दारात थांबले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अनीशने गाणं थोडं मागे नेलं आणि आवाज वाढवला. मुलांच्या पाठीमागे, अगदी खोलवर, आमच्या कचरागाडीचं गाणं वाजत होतं. कडवं आणि ध्रुवपद, पूर्ण.

आम्ही ते ध्वनिमुद्रण हॉलमध्ये सकाळी केलं होतं. खिडक्यांना रजया लावल्या, कुकर बंद ठेवले, शोभनाताईंच्या कुत्र्याला त्यांच्या बहिणीकडे पोचवलं. गाडी खिडकीखाली पाच मिनिटं उभी होती आणि आमच्यापैकी एकालाही ती ऐकू आली नाही! इंदूरच्या माणसाचा दोष नाही. रोज सकाळी वर्षानुवर्षं वाजणारं ते गाणं आता आमच्या कानाला लागतच नाही, थेट हाताला लागतं. हात बादलीकडे जातो. ते ऐकू यायला परदेशातलं यंत्रच हवं.

"बरं झालं," अनीश म्हणाला. "पुन्हा रेकॉर्ड करू."

"मुळीच नाही," मी म्हटलं. आज मला कळतं, की त्याचं बरोबर होतं. पण तेव्हा माझा अभिमान नुकताच भाजून निघाला होता. पुन्हा म्हणणं म्हणजे चोरी कबूल करणं. गाडी आमच्या गल्लीची, सकाळ आमची. आम्ही परवानगी काढू.

परवानगीसाठी मी महापालिकेच्या झोन कार्यालयात गेले. खिडकीवरचा मुलगा सज्जन होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"माताजी, परमिशन का तो कोई खाना ही नी है इसमें," तो संगणकावरचे रकाने बघत म्हणाला. "गाड़ी के गाने वाला एकच है. 'गाने के संबंध में शिकायत.' उसमें डाल दूँ? बात ऊपर तक तो पहुँचेगी."

प्रश्न तीनदा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, हे मी किती मुलांना सांगितलं असेल! मी एकदाही वाचला नाही. "डाल दो, बेटा," म्हणाले.

बात ऊपर पोहोचली. माझ्या आयुष्यात इतक्या झटपट कुठलंही सरकारी काम झालेलं नाही. शनिवारी सकाळी गाडी आमच्या गल्लीत शिरली ती मुकी. आली आणि गेली. कोणालाच कळलं नाही. पावणेआठनंतर एकेक माणूस बादली घेऊन बाहेर यायला लागला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. रविवारी लोक पहाटेपासून गॅलरीत. तरी गाडी निसटली, कारण चहा ओतायला आत गेलं की ती येऊन जायची. शोभनाताई गाऊनवर ओढणी टाकून दोन चौक धावल्या. मे महिना, आणि घरोघर आंब्याच्या साली. दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या गल्लीला जो वास आला, तो मी लिहीत नाही. हे गाव स्वच्छतेच्या बाबतीत किती हळवं आहे, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

गाडीचा चालक श्रीहरी याला मी गाठलं. "भिया, गाना क्यों बंद?"

"टीचरजी, ऊपर से आदेश है. आपकी गली से शिकायत गई है." मग त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "आपकेच नाम से है."

हेही कॉलनीभर झालं. यमुनाबाईंनी आमच्यातला अबोला स्वतःहून मोडला, तो मला चार शब्द सुनावायला. नानासाहेब रात्रीच्या जेवणाआधी आमच्याकडे आले, बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "आधी चोरी, आता हे. लीलाताई, तुम्ही शिकायत मागे घ्या आणि कृपा करून आता काही करू नका."

मागे घ्यायला सात कामाचे दिवस लागतील, असं झोनमधून सांगितलं होतं. सात दिवस आंब्याच्या साली ठेवून बघा.

मी विचार केला. गल्लीला गाणं हवंय. माझ्या गेटवर साडेसातला आठ मुलं असतात, आणि त्यांना गाणं येतं. यात तिसरी पायरी लागतच नाही.

मंगळवारी सकाळी गाडी कोपऱ्यावर वळताच मी हात केला. श्रीहरीने वेग कमी केला. श्रिया आणि देवांश पुढे, बाकीची मुलं मागे, आणि मी गाडीच्या कडेने, काठी टेकत. अनीश ऑफिसचे कपडे घालून गिटार गळ्यात अडकवून आला होता. मोबाइल त्याने रेकॉर्डिंग चालू करून शर्टाच्या खिशात उभा ठेवला.

"एक औट," मी म्हटलं.

"साडेतीन!" मुलं ओरडली, आणि मधल्या रिकाम्या जागी अनीशची गिटार खटकन वाजली.

गाडी हळू, गाणं हळू, सगळं निवांत. दोन औटला पहिलं फाटक उघडलं. चार औटपर्यंत दोन्ही बाजूंनी बादल्या येऊ लागल्या. श्रीहरीचा जोडीदार बादली रिकामी करून गाडीच्या कडेवर आपटायचा, ती नेमकी उलट्या ठोक्यावर पडायची. अनीशचे डोळे मोठे झाले. "मावशी, ह्याला हेच म्हणतात," तो चालता चालता म्हणाला.

सहा औटला नानासाहेबांचं घर आलं. ते नुसत्या बंडीत, दोन्ही हातांत बादल्या. मुलं थांबली. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हं, सहा औट किती?"

"लीलाताई, माझ्या वयाला हे शोभतं का?"

"मागे गाड्या थांबल्यात, नानासाहेब."

त्यांनी वर बघितलं, ओठ हलवले. "एकवीस," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते लाजले.

पुढच्या फाटकाशी यशवर्धन उभा होता, हिरवी बादली घेऊन, आईच्या शेजारी. मी त्याला बोलावलं नाही. बोलावलेलं मूल वर्गात येतं, पण शिकायला येत नाही. मुलं म्हणाली, "सात औट," आणि मुद्दाम थांबली. तो बादलीकडे बघत राहिला. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "साडेचोवीस!" त्याने बादली प्रियंकाच्या हातात दिली आणि रांगेत शिरला. तिने मान हलवली, हसली. आठ औटला तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. नऊ औटला राहिलेली दोघंही आपापल्या फाटकातून रांगेत शिरली. दहा औट पस्तीसला आमचा रस्ता संपला, आणि मुलं अकरा होती.

अनीशने खिशातल्या मोबाइलवरचं तेच ध्वनिमुद्रण घेतलं. गाडीचं इंजिन, बादल्या, नानासाहेबांचं एकवीस, सगळं ठेवलं, खाली बास गिटार घातली आणि वितरकाकडे पाठवलं. मुख्य कलाकार: लीला टीचर आणि गेटवरची मुलं. नानासाहेबांना मी स्पष्ट सांगितलं, आशीर्वाद असू द्या, रकान्यात नको. तीन दिवस अनीश ऑफिसात काय काम करत होता, देव जाणे. चौथ्या दिवशी मंजुरी आली. चोरीचा शब्दही नव्हता. ते पत्र मी छापून घेतलं आणि गेटला चिकटवलं. मुलांनी ते इंग्रजीत वाचलं, मग मी मराठीत वाचायला लावलं.

हॉलची चावी नानासाहेबांनी पाठवली. मी परत केली. गेटवर ऐकणारे जास्त असतात.

गाणं जगात गेलं. अनीशने मला ॲपवर एक नकाशा दाखवला, जिथे जिथे कोणी ऐकलं तिथे ठिपका. इंदूर, कोल्हापूर, नागपूर, बडोदा. जमैकात तिघांनी ऐकलं होतं. "त्यातले दोन चुकून," रामभाऊ म्हणाले. "एकाने तरी पूर्ण ऐकलं असेल," मी म्हटलं. 'आडवा ठेका'ची जुनी सहा गाणीसुद्धा आता अनोळखी माणसं ऐकू लागली आहेत. अनीशची आई म्हणते, आता त्याने समोर बसवून ऐकवणं कमी केलंय.

आणि परवा वितरकाचं नवं पत्र आलं. इथून जवळच्या हातोदच्या एका शाळेतल्या बाईंनी आमच्या गाण्यावर आपल्या वर्गातल्या मुलांना गायला लावून त्याचा व्हिडिओ टाकलाय. यंत्राने तो पकडला होता. 'आपल्या मालकीचे संगीत विनापरवानगी वापरले आहे. हटवायचे?' खाली एक लाल बटण.

"दाबू?" अनीशने विचारलं.

मी चष्मा लावला आणि व्हिडिओ बघितला. अंगणात वीसेक मुलं, एक फाटका ढोल, आणि बाई माझ्याहून पन्नास वर्षांनी लहान. सुरात अजिबात नव्हती ती पोरं. पण किती मजेत होती! 'पाच औट साडेसतरा' बरोबर. 'सहा औट एकवीस' बरोबर. मग सगळी एकदम, छाती काढून, 'सात औट पंचवीस!'

"बटणाला हात लावू नकोस," मी अनीशला सांगितलं. "पाढा आहे, ज्याला हवा त्याने न्यावा." मग मी त्या बाईंचा फोन नंबर शोधायला लावला आणि रामभाऊंना हातोदच्या बसची वेळ विचारायला पिटाळलं. चोरीचं मी काही बोलणार नाही. पण साडेचोवीसला कोणी पंचवीस म्हणत असेल, तर ते मी जिवात जीव आहे तोवर चालू देणार नाही.